गाविलगडावर तोफा कोणत्या वाटेने गेल्या

चांदूर बाजारहून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची रांग दिसते. तिच्यात चिखलदऱ्याजवळ गाविलगड आहे आणि पश्चिमेला, अकोट तालुक्यात, नरनाळा. नरनाळ्यावर गेलेला प्रत्येक जण नऊगजी तोफेपाशी थांबतो, नळीवर हात ठेवतो, फोटो काढतो आणि 'केवढी मोठी!' म्हणत उतरतो. तोफ लांबीने मोजायची ही सवय मला चुकीची वाटते. अहमदनगरला 1549 मध्ये ओतलेली मलिक-ए-मैदान 55 टनांच्या आसपास भरते आणि आज विजापूरच्या बुरुजावर आहे. अशा तोफेसमोर शत्रूलाच चालत यावे लागते. तोफेची खरी प्रगती झाली ती तिला हव्या त्या जागी नेण्यात आणि तिथे तिला गोळा पुरवत राहण्यात. याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या वऱ्हाडात आहे.

1803 साली इंग्रज आणि शिंदे-भोसले यांच्यात युद्ध पेटले. मराठ्यांच्या तोफा कमी प्रतीच्या होत्या म्हणून आपण हरलो, असे सहज बोलले जाते. ते खरे नाही. असईच्या लढाईत इंग्रजांच्या हाती लागलेल्या मराठी तोफा इतक्या उत्तम होत्या की त्या आपल्याही सैन्याला चालतील, असे खुद्द इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने लिहून ठेवले. 29 नोव्हेंबरला अडगावच्या लढाईत, आजच्या अकोला जिल्ह्यात, मराठी तोफा सुरू होताच असईला टिकून राहिलेल्या त्याच्या पलटणींतील काही शिपाई पळत सुटले. त्यांना स्वतः वेलस्लीने थोपवून पुन्हा उभे केले. संध्याकाळपर्यंत मात्र मराठ्यांच्या 38 तोफा इंग्रजांकडे गेल्या. ओतकाम उत्तम होते, गोलंदाज निधडे होते, पण फौज हटली तेव्हा तोफा मैदानातच राहिल्या.

मग आला गाविलगड. दक्षिणेची बाजू सरळ कड्याची. तिकडून डागलेल्या तोफांनी फारसे काही साधले नाही. म्हणून इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हनसनने अचलपूरहून डोंगराला वळसा घातला. 7 ते 12 डिसेंबर, सुमारे 30 मैल, आणि वाट अशी नव्हतीच. शिपायांनी आधी झाडे तोडून, दगड सारून रस्ता करायचा आणि मग दोरखंड खांद्यावर घेऊन अवजड तोफा नाल्यांतून वर ओढायच्या. 18 पौंडी तोफेचा गोळा जेमतेम आठ किलोचा, पण तोफेचे वजन दोन टनांच्या घरात. लबाडा गावाच्या बाजूने, किल्ल्याच्या उत्तर तटासमोर, अशा दोन तोफा आणि जोडीला 12 पौंडी तोफा लागल्या. 13 तारखेला मारा सुरू झाला, 14 च्या रात्रीपर्यंत खिंडार पडले, 15 ला किल्ला गेला आणि दोनच दिवसांनी भोसल्यांशी देवगावचा तह झाला.

यावर कोणी म्हणेल की आतला किल्ला तोफेने पडलाच नाही. कॅप्टन कॅम्पबेलची माणसे शिड्या लावून तट चढली, तेव्हा दरवाजा उघडला. हे मान्य. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला, हेही विसरता कामा नये. पण शिडी आतल्या तटाला टेकवण्याआधी बाहेरचा तट ओलांडावा लागतो, आणि तो ओलांडता आला तो खिंडारातून. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आज रस्ते आहेत, ट्रक आहेत, मग ही जुनी गोष्ट कशाला? अडचण गेलेली नाही, तिने जागा बदलली आहे. 1999 मध्ये कारगिलला उपयोगी पडलेली बोफोर्स 155 मिलिमीटरची. तिचा एक गोळा चाळीस किलोहून जड. युक्रेनच्या युद्धात तोफांपेक्षा गोळे आधी अपुरे पडू लागले. म्हणून पुण्यात आराखडा झालेल्या नव्या 'अटॅग्ज' तोफेच्या पल्ल्याच्या बातम्या वाचताना नागपूरच्या अंबाझरी आणि भद्रावतीच्या आयुध निर्माणींकडेही पाहायला हवे. गोळ्याचे कवच घडवणे आणि त्यात दारू भरणे हे काम आपल्या विदर्भात चालते, आणि लांब चाललेल्या लढाईत तोफ किती दिवस बोलणार हे तिथे ठरते.

चिखलदऱ्याला शाळांच्या सहली जातात. शिक्षकांना विनंती आहे: मुलांना तोफेजवळ उभे करून झाले की उत्तर तटाकडेही न्या, पलीकडचे डोंगर दाखवा आणि दोन टनांची तोफ तिकडून इथे कशी आली असेल, हे त्यांनाच विचारा.