चढाचीही मात्रा सांगावी

मधुमेह, स्थौल्य वा उच्च रक्तदाबाचा रुग्ण समोर आला की औषधाची मात्रा, काल आणि अनुपान आपण काटेकोरपणे लिहून देतो. व्यायामाविषयी मात्र ‘रोज डोंगर चढत जा’ एवढे सांगून मोकळे होतो. कोणता डोंगर, किती चढ, कोणत्या ऋतूत, हे सारे रुग्णावर सोपवले जाते. ही चूक आमच्याही हातून घडली आहे.

काही वर्षांपूर्वी बैठे काम करणाऱ्या, पन्नाशीतील एका रुग्णास आम्ही हाच सल्ला दिला. पुढच्याच रविवारी ते मित्रांसमवेत आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगडास निघाले. निम्म्या वाटेवर धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबत्यांनी सावकाश खाली आणले म्हणून निभावले. दोष रुग्णाचा नव्हता, मात्रा न सांगणाऱ्या वैद्याचा होता.

चरकाचार्यांनी दशविध परीक्षेत व्यायामशक्तीस स्वतंत्र स्थान दिले असून तिचे प्रवर, मध्यम व अवर असे भेद मानले आहेत. सुश्रुताचार्यांनी व्यायामाची मर्यादा अर्ध्या बलापर्यंत घातली. श्वास मुखावाटे येऊ लागला की अर्धे बल खर्ची पडले असे समजावे. डोंगरावर तर या नियमाचे महत्त्व अधिकच, कारण माथ्यावर पोहोचल्यानंतर उतरणे शिल्लक असते. म्हणून अवरबल व्यक्तीस अशीच वाट सांगावी, जिथून हवे तेव्हा मागे फिरता येईल.

पुण्यात अशा वाटा सुदैवाने चढत्या क्रमाने उपलब्ध आहेत. आरंभ तळजाईच्या पठारापासून व्हावा. नंतर पर्वतीच्या १०३ पायऱ्या, मधे विसावा घेत. त्या न धापता जमू लागल्यावर हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडी. तेथे काही महिने सातत्य राहिले, तरच सुमारे ६०० मीटर चढाच्या सिंहगडाचा विचार करावा. कात्रज ते सिंहगड ही अनेक टेकड्यांची वाट, राजगड, तसेच सुमारे १४०० मीटर उंचीचा तोरणा ही प्रवरबल व्यक्तींचीच क्षेत्रे होत. गुडघ्यांच्या संधिवातात चढापेक्षा उतार अधिक बाधतो. अशा रुग्णास सिंहगड चढण्याची अनुज्ञा दिलीच, तर परतताना मोटाररस्त्याने वाहनातून यावे, असे सांगावे. छातीत दडपण येणाऱ्यास वा ज्ञात हृद्रोग्यास हृद्रोगतज्ज्ञाकडून तपासणी झाल्याखेरीज चढाचा सल्ला देऊच नये.

ऋतुविचारही महत्त्वाचा. अर्धशक्तीने व्यायाम करण्यास शीतकाल व वसंत योग्य. अन्य ऋतूंत तो त्याहूनही अल्प असावा, असे शास्त्र सांगते. प्रत्यक्षात गडांवर सर्वाधिक झुंबड उडते ती वर्षा ऋतूत, जेव्हा अग्नी मंद, बल क्षीण आणि वाट निसरडी असते. नवख्याने पहिला गड पावसाळ्यात चढू नये, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगण्याचे धैर्य आपण दाखवले पाहिजे.

औषधालयचालक बंधुभगिनींचाही यात वाटा आहे. गडावर जायचे म्हणून कोणी ‘ताकदीचे’ औषध मागू लागला, तर बाटली पुढे करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: यापूर्वी किती चढलात? कोणता आजार आहे? चार दिवसांच्या रसायनसेवनाने चार महिन्यांच्या अभ्यासाची उणीव भरून निघत नाही.

यापुढे आम्ही चिकित्सापत्रावर औषधांखाली वाटेचे नाव, वेळ आणि परतण्याची खूणही लिहिणार आहोत. वैद्यबांधवांनीही हा प्रघात पाडावा, अशी आमची विनंती आहे.