उचलावे जपून, ठेवावे जपून



विमाने, जहाजे, मोटारी यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती जुळवून रंगविण्याचा छंद आपल्याकडे पोरखेळ समजला जातो. वस्तुतः त्याचा आरंभ आपल्या आवडत्या विषयापासून, म्हणजे हिशेबापासून होतो. एकेकाळी एअर इंडियाच्या ताफ्यात असलेल्या डाकोटा विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे २९ मीटर. खोक्यावर १:७२ असे प्रमाण छापलेले असेल, तर तो ४० सेंटिमीटर होईल. १:१४४ असेल, तर २०. म्हणून खरेदीपूर्वी घरातील फळी मोजावी. बाजारात युद्धविमाने व रणगाडे पुष्कळ असतात. तथापि प्रवासी विमाने आणि मोटारीही मिळतात. नवशिक्याने कमी सुट्या भागांचा संच निवडावा.

साचा सुटावा म्हणून लावलेला तेलकट अंश भागांवर राहतो व त्यावर रंग धरत नाही. यास्तव प्लास्टिकची चौकट प्रथम साबणाच्या पाण्याने धुवावी. भाग पिरगळून तोडू नयेत, कातरीने कापून कड कानशीने घासावी. डिंक लावण्यापूर्वी ते कोरडेच जुळवून पाहावेत. कारण हा डिंक चिकटवीत नाही, तर प्लास्टिक विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो. एकदा सांधले की माघार नाही. त्याचा वास उग्र असल्याने खिडकी उघडी ठेवावी. रंगाचा एक जाड थर बारीक रेषा बुजवितो. दोन-तीन पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक पूर्ण वाळू द्यावा. पावसाळ्यात हा अवधी वाढतो. उधारी वसूल करताना घाई उपयोगी पडत असेल, येथे नाही.

साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींत आदान-निक्षेपण समिती आहे : वस्तू उचलताना व ठेवताना राखावयाची सावधानता. श्रावकाच्या घरातील मुलास तिचे नाव पाठ असते, सराव नसतो. चिमट्याच्या टोकावर तांदळाएवढा भाग धरून तो जागी बसविताना तो सराव आपोआप घडतो.

हीच यतना खरेदीच्या वेळीही हवी. उत्तम म्हणून दुकानदार जो ब्रश पुढे करतो, तो बहुधा सेबलचा, म्हणजे सायबेरियातील वीझल या छोट्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. त्याचे टोक दीर्घकाळ टिकते, हे मान्य. नायलॉनच्या ब्रशाचे टोक लवकर वळते आणि तो वरचेवर बदलावा लागतो. तरी पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांसाठी तो पुरेसा आहे व स्वस्तही. खातेवहीत हा थोडा जादा खर्च दिसेल. तो आनंदाने लिहावा. नातवाला ब्रश घेऊन देताना किमतीआधी केस कशाचे, हे विचारावे, आणि तो प्रश्न त्याच्या देखत विचारावा.