जुन्या जीपचा सांगाडा

आमच्या घरीं तीर्थरूपांनीं १९६८ सालीं घेतलेली महिंद्राची जीप अद्याप आहे. ती चालते, आणि चालते म्हणूनच तिच्यावरून घरांत वाद होतात. या खेपेचा वाद पुतण्यानें काढला. तो म्हणाला, "काका, पावसाळा उलटला कीं जीप घेऊन राजमाचीला जाऊं. त्याआधीं चासीला पुढून मागेंपर्यंत जाड पट्ट्या वेल्ड करून घेतों, कमानींत एकेक पाटा वाढवितों, म्हणजे पुन्हां तसें होणार नाहीं." 'पुन्हां' म्हणतांना त्यानें आपल्या आईकडे पाहण्याचें टाळलें, हें माझ्या ध्यानांत आलें.

तें पूर्वीचें प्रकरण सांगितल्यावांचून पुढचा विचार वाचकांस कळणार नाहीं. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूनें राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीस जाणारी वाट सुमारें पंधरा किलोमीटरांची. दगडगोट्यांची, मध्यें ओढे. दहा वर्षांपूर्वीं तिकडून परत येतांना मागें घरचीं चार मुलें बसलेलीं. एका ओढ्यांत पुढचें उजवें चाक धोंड्यावर चढलें आणि सुपारी फुटावी तसा आवाज झाला. त्यानंतर मीं सुकाणूचें चक्र फिरवावें आणि जीपनें क्षणभर विचार करून मग वळावें, असें होऊं लागलें. मुलांना उतरवून चालत आणलें. खालीं वांकून पाहतों, तों स्टिअरिंगची पेटी जिच्यावर बसविलेली असते ती उजवी तुळई खालच्या काठापासून अर्ध्या उंचीपर्यंत उलली होती. चीर पडली होती ती मजबुतीसाठीं दोन वर्षांपूर्वीं वेल्ड करून घेतलेल्या जाड पट्टीच्या टोकाला अगदीं लागून! पट्टी शाबूत, वेल्डही शाबूत. ज्यानें तें काम केलें त्यानें मन लावून केलें होतें आणि पैसेही बेताचे घेतले होते. चुकली होती ती कल्पना, आणि ती कल्पना मूळ माझी होती.

दापोडींत राहणाऱ्या माणसास चासीचें ज्ञान मिळविण्यास लांब जावें लागत नाहीं. (फोर्ड हें नांवही आमच्या गांवास मोटारींच्या आधींचें आहे. पेशव्यांच्या कवायती पलटणींवरचा कॅप्टन फोर्ड येथेंच राहत असे, आणि १८१७ सालीं खडकीच्या लढाईच्या दिवशीं येथूनच जाऊन तो इंग्रजांस मिळाला. परंतु तें असो.) १ जून १९४८ रोजीं पहिली एस्. टी. पुण्याहून अहमदनगरास, आतांच्या अहिल्यानगरास, गेली. ती गाडी बेडफर्डची होती. एस्. टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आमच्या दापोडीस आहे. तशाच दुसऱ्या चिकलठाण्यास आणि नागपूरजवळ हिंगण्यास आहेत. मोटारीच्या कारखान्यांतून नुसती चासी येते, म्हणजे दोन लांब तुळया, त्यांस जोडणाऱ्या आडव्या तुळया, इंजिन आणि चाकें. प्रवासी जिला गाडी म्हणतात ती तिच्यावर येथें उभी राहते. आमच्या शेजारचे मिस्त्री याच कार्यशाळेंतून निवृत्त झालेले. घाटांतून आणि खेड्यांच्या रस्त्यांवरून झिजून आलेल्या चासी पाहण्यांत त्यांचें आयुष्य गेलें.

त्यांना बोलावलें. पोतें अंथरून ते जीपखालीं शिरले आणि तेथूनच म्हणाले, "गुरुजी, तुळईला पीळ घ्यायचा होता, आणि तुम्ही पट्टी मारून तिचा हात धरलात. मग पट्टी संपली तिथें ती फाटली."

या वाक्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशीं कळला. पुठ्ठ्याची एक नळी घ्यावी आणि दोन्ही हातांनीं पिळून पाहावी. ती हलत नाहीं. तीच नळी लांबीभर उभी चिरून पुन्हां पिळावी. ओल्या फडक्यासारखी पिळते. जीपची तुळई ही पोलादाची, एक बाजू उघडी ठेवलेली पन्हळ आहे. भार उचलण्यास ती खंबीर, पिळास मात्र मऊ; आणि हा मऊपणा मुद्दाम ठेवलेला असतो. तीन चाकें सपाटीवर आणि चौथें धोंड्यावर असतां कांहीं पीळ कमानी घेतात, उरलेला चासी घेते, आणि चारही चाकें जमीन धरून राहतात. हिशेबापुरती १०० मिलिमीटर उंच, ४० रुंद आणि ३ जाड अशी उघडी तुळई घेतली आणि चौथी बाजू त्याच जाडीच्या पत्र्यानें बंद केली, तर पिळास होणारा तिचा विरोध सुमारें साडेतीनशें पट वाढतो. साडेतीनशें पट! हा आंकडा ऐकून पुतण्याचा चेहरा उजळला. मला मात्र धसका बसला. कारण खालचा धोंडा तेवढाच राहतो. तुळईचा एक भाग ताठ केला म्हणजे त्याच्या वांट्याचा पीळ उरलेल्या मऊ भागानें घ्यावयाचा, आणि ताठ व मऊ यांचा जेथें सांधा होतो तेथें तो सगळा गोळा होतो. आमची चीर नेमकी त्या सांध्यावर होती.

कमानींत पाटे वाढविण्याचेंही तसेंच. कमान ताठ झाली कीं जो पीळ ती स्वतः गिळत होती तो चासीकडे जातो. ओझें वाहून न्यावयाचें असेल तर पाटा वाढवावा. खडकाळ वाटेसाठीं वाढविणें उलटें पडतें. त्यापेक्षां त्या वाटेपुरती टायरांतील हवा थोडी कमी करावी आणि चालण्याच्या वेगानें जावें. आपल्या वाडवडिलांनीं बैलगाडीचें जू दोरीनें बांधलें, खिळ्यांनीं ठोकलें नाहीं; वैदिक रथाचे भागही चामड्याच्या वाद्यांनीं आवळलेले असत. खेड्यांतल्या वाटेची परीक्षा त्यांना आमच्याहून अधिक होती.

मग चासी मजबूत करूंच नये काय? करावी; परंतु जेथें दुखणें असेल तेथेंच. मिस्त्रींनीं आधीं तुळई घांसून स्वच्छ केली, तिच्यावर रॉकेल चोळलें, तें पुसून काढलें आणि माझ्याकडे खडू मागितला. शाळा सुटली तरी खडू माझ्या खणांत असतोच. पांढरा लेप दिल्यावर थोड्या वेळानें जेथें चीर होती तेथून आंतलें रॉकेल वर आलें. दहा वर्षांपूर्वींची दुरुस्ती होती तशीच होती. मात्र जुन्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाशीं बोटभर लांबीची एक काळी रेघ उमटली. ती आम्हां कोणासही ठाऊक नव्हती. पुतण्या बराच वेळ तिच्याकडे पाहत उभा राहिला.

तिच्यावर मिस्त्री करणार आहेत ते असें. जुनी पट्टी घांसून उतरवावयाची. चिरेच्या अगदीं टोकाशीं तीन मिलिमीटरांचें भोंक पाडावयाचें, म्हणजे अणकुचीदार टोक गोल होऊन चीर पुढें सरकण्याचें थांबतें. मग चीर इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खोदून वेल्ड भरावयाचें आणि तें घांसून तुळईच्या पातळीस आणावयाचें. आधाराची पट्टी तुळईहून जाड नको. ती उभ्या बाजूस, आंतून लावावयाची. तिचीं टोकें सरळ न कापतां तिरकीं निमुळतीं कापावयाचीं, म्हणजे ताठपणा एकदम न संपतां हळूहळू संपतो. तुळईच्या वरच्या व खालच्या काठावर आडवें वेल्ड कधींही नाहीं, आणि तेथें भोंकही नाहीं, कारण सगळ्यांत अधिक ताण त्या काठांवर असतो. भोंक पाडणें भागच असेल तर उभ्या बाजूच्या मध्यावर. आडव्या तुळयांचे रिव्हेट सैल झाले असतील तर तेथें घट्ट बसणारे बोल्ट. वेल्डिंगच्या कांड्या कोरड्या हव्या, बॅटरी सोडलेली हवी; आणि या जातीच्या जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीं असते, ती काढून दूर ठेवल्यावांचून ठिणगीसुद्धां नको. स्टिअरिंगच्या पेटीपाशीं तुळईची उघडी बाजू बंद करणारे कांहीं लोक आहेत. मिस्त्री त्याला सरसकट नाहीं म्हणत नाहींत, परंतु बंद पेटींत ओल सांठते, गंज आंतून खातो आणि बाहेरचा रंग मात्र छान दिसतो, म्हणून पाणी जाण्यास भोंकें ठेवावीं असा त्यांचा आग्रह असतो.

येथवर सगळें जमलें, तों पुतण्यानें दुसरा बेत सांगितला: जीपची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करावयाची. २०२१ सालीं केंद्र सरकारनें मोटार वाहनांच्या नियमांत त्याची सोय केली आहे. पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ झाला असावा आणि गाडी मूळ रूपांत राखलेली असावी. चासी, बाह्य सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज गाड्यांचा मेळावा, दुरुस्ती, इंधन भरणें अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणावयाची. राजमाची त्यांत बसत नाहीं. म्हणजे पुढून मागेंपर्यंत पट्ट्या मारून तो मान मागणें फोल, आणि मान मिळाल्यावर ओढ्यांत घालणें बेकायदा. मान न मागितला तरी १९८८ च्या कायद्याचें ५२ वें कलम आहेच. नोंदणीच्या कागदांतील तपशील बदलेल असा फेरफार मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. चीर सांधणें ही दुरुस्ती आणि सांगाडा बदलणें हा फेरफार. मधली सीमा कोठें आहे तें परिवहन कार्यालयांत आधीं विचारावें, वेल्ड करून झाल्यावर नव्हे.

रात्रीं जेवतांना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मामंजींनीं जीप देव्हाऱ्यांत ठेवायला घेतली नव्हती. जायचें असेल तर जा. पण मिस्त्री हो म्हणेपर्यंत मुलें तींत बसणार नाहींत." व्हिंटेजचा विषय तेथेंच मिटला.

काम सुरू करण्याआधीं चासी सरळ आहे का, हें पाहावें लागतें. वांकड्या सांगाड्यावर वेल्ड केलें कीं वांकडेपणा कायमचा होतो. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत वेदीसाठीं दोरीनें आयताचा कर्ण मोजला आहे, त्याच विद्येचें हें काम. रविवारीं जीप सपाट फरशीवर उभी केली. कमानींच्या चार खिळ्यांवरून ओळंबा सोडून फरशीवर खडूनें चार खुणा केल्या आणि पोलादी फितीनें दोन्ही कर्ण मोजले. पुतण्यानें तीन वेळां मोजले, मीं एकदां. तिन्ही वेळां सात मिलिमीटरांचा फरक आला, माझ्या वेळीं आठ. हा फरक ओढ्यांतल्या त्या दिवसाचा, कीं त्याआधींच्या पट्टीचा, तें पाहण्यासाठीं मिस्त्री येत्या रविवारीं आपली लांब पट्टी घेऊन येणार आहेत. तोंवर त्या खुणा कोणीं पुसूं नयेत, अशी वहिनींनीं घरांत ताकीद दिली आहे.