सरासरीच्या आड

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कासू हे लहानसे स्थानक आहे. या टापूतील कातकरी वाड्यांवरची कित्येक कुटुंबे दिवाळी सरताच वीटभट्ट्यांवर वा कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडी परततात. मुले अर्थातच त्यांच्याबरोबर असतात. शाळांचा पट मात्र दीर्घकाळ 30 सप्टेंबरचाच प्रमाण मानला गेला. म्हणजे मुले गावी असताना मोजावयाची, आणि ती गेल्यावरही तोच आकडा खरा धरावयाचा!

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. पण ही झाली सरासरी. तीत मुंबईची हवेली आणि वाडीवरील झोपडी एकत्र मिसळतात.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडली. शिक्षणहक्काचा कायदा अमलात येण्यास 2010 उजाडले. आता तो हक्क कोणापर्यंत पोहोचला, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी हजेरी व वजन यांची नोंद वाडीवार व्हावी, आणि ऐन माघ-फाल्गुनात भट्टीवर जाऊन व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. जे मूल मोजणीतच येत नाही, त्याच्यासाठी तरतूद कोण करणार?