खारबावची घोडी आणि माझी मांड

गेले काही रविवार सकाळी वसई-दिवा मार्गावरच्या खारबाव स्टेशनावर उतरायचं, आणि तिथून जवळच्या एका तबेल्यात जाऊन घोड्यावर बसायला शिकायचं, असा उद्योग चालू आहे. (हापिसातले हसतात. हसू देत.)

माझ्या वाट्याची घोडी साध्या चालीत अगदी शहाणी. पण दुडकीवर डावीकडे वळवली की खांदा आत टाकते, लगामावर भार देते आणि पुढे कोसळल्यासारखी पळते. दोनदा अडखळली. तबेल्यातलं निदान तयार होतं: "खोडी आहे तिला. कडक कडियाळं घाला, मान बांधा."

आपल्या धंद्यात हे रोजचंच. एरर देणारी ओळ कॉमेंट करायची. एरर गेली, बग तिथेच! मला हा उपाय साफ चुकीचा वाटतो.

का ते सांगतो. घोड्याचा जवळजवळ 60 टक्के भार मुळातच पुढच्या पायांवर असतो. त्याला कॉलरबोन नसते. पुढच्या दोन पायांमध्ये धड नुसतं स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. त्यात वर आपण बसतो. शिवाय आपण डावखुरे-उजवे असतो तसे बहुतेक घोडेही एका अंगाला वाकडे असतात. म्हणजे एकट्याने मजेत धावणाऱ्या जनावराला स्वारासकट तोल नव्याने शिकावा लागतो. तोंड खेचून तो येत नाही. उलट पाठ दबते आणि मागचे पाय आणखी मागे राहतात.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. आधी डॉक्टर आणि नालबंदाकडून दुखणं नाही ना, खोगीर टोचत नाही ना, हे बघायचं. मग 20 मीटरची मोठी वर्तुळं, चाल-दुडकी-चाल अशी सतत अदलाबदल, म्हणजे मागचे पाय पोटाखाली येऊन भार उचलू लागतात. याला महिने लागतात. 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. तो अख्खा खेळ या तोलावरच उभा आहे.

पण माझा बग त्याच्याही आधीचा निघाला. तिथले मोतद्दार मामा दोन फेऱ्या बघून म्हणाले, "साहेब, रिकिबी सोडा आणि नुसते बसा." बसलो, तर मी सरळ डावीकडे घसरत होतो! कित्येक वर्षं एकाच खांद्यावर लॅपटॉपची बॅग, दुसरं काय? दुडकीत उठबसही नेहमी एकाच पायाच्या ठेक्यावर. घोडी बिचारी माझ्या वजनाखाली येऊन मला सावरत होती. तिला आपण खोडी म्हणत होतो.

यात नुकसान कोणाचं? माझं नाही. "खोडकर" असा शिक्का बसलेलं जनावर विकलं जातं, आणि पुढचा मालक आणखी कडक कडियाळं घालतो.

म्हणून माझं मत एवढंच: तोल घोड्याचा जात असेल तर लगामाला हात घालण्याआधी स्वाराची मांड तपासा. मी सध्या रिकिबींशिवाय साध्या चालीत फेऱ्या मारतोय. मांड्या भयंकर दुखतात. परवाच्या रविवारी मात्र डावीकडचं एक वर्तुळ ती न पडता, न पळता पुरं करून आली.

बॅग आता पाठीवर घेतो. दोन्ही पट्टे लावून.