भाड्याच्या घराचे गणित आधी कागदावर मांडा



खोपटच्या एसटी आगाराच्या परिसरात राहणारी अनेक कुटुंबे आज एकच विचार करताना दिसतात. वडील निवृत्त झाले, फंडाचे पैसे हाती आले, मुलगा नोकरीला आहे. तेव्हा एखादी सदनिका घ्यावी, ती भाड्याने द्यावी. भाड्यातून बँकेचा हप्ता आपोआप फिटेल. विचार चांगला आहे, पण 'आपोआप' या शब्दाने अनेकांचा घात केला आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, सदनिकेची किंमत ४० लाख. वडिलांचे १० लाख घातले आणि मुलाने ३० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ९ टक्के दराने काढले. महिन्याचा हप्ता होतो सुमारे २७,००० रुपये. पहिल्या हप्त्यातले २२,५०० रुपये नुसत्या व्याजात जातात. शिवाय ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. हे पैसे खरेदीच्या वेळीच लागतात. घर फक्त घरातील स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते, म्हणजे इथे ४० हजार वाचतात. मालकीही तिची होते, हा लाभ त्याहून मोठा.

आता उत्पन्न पाहू. भाडे १२,००० धरले आणि वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले, तर हाती येतात १,३२,०००. त्यातून सोसायटीची वर्गणी ३०,०००, घरपट्टी ६,०००, बिनभोगवटा शुल्क २,४००, रंग-नळ-वायरिंगची दुरुस्ती ८,००० वजा करा. उरले ८५,६००, म्हणजे महिना जेमतेम ७,१००. हप्ता २७,०००! उरलेले वीस हजार दर महिन्याला मुलाच्या पगारातून जाणार. नातवंडांच्या शाळेची फीसुद्धा त्याच पगारातून भरायची असते, हे विसरू नये.

हेच कर्ज १० लाखांचे असते, तर हप्ता ९,००० च्या आसपास आला असता आणि पदरचे दोनेक हजार घालून भागले असते. म्हणून कर्ज बँक किती देते हे पाहू नका, आपल्याला किती झेपते ते पाहा. सहा महिन्यांचे हप्ते बँकेत वेगळे ठेवल्याशिवाय व्यवहारात पडू नका. भाडेकरूची अनामत रक्कम हे उत्पन्न नव्हे, ती परत करायची असते. तिला हात लावू नका.

खर्च आटोक्यात ठेवायला कायदाही मदत करतो. सरकारच्या २००१ च्या आदेशानुसार सोसायटीला बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. जास्त मागितले तर लेखी हरकत घ्या. आयकरात भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्या रकमेवर ३० टक्के सूट मिळते आणि कर्जाचे व्याजही वजा करता येते. मात्र त्यातून तोटा निघाला, तर नव्या करपद्धतीत तो पगारातून वजा होत नाही. जुन्या पद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंत होतो.

काही जण चार पैसे वाचवण्यासाठी करार तोंडीच करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात, जोवर उलट सिद्ध होत नाही. अकरा महिन्यांच्या वरील कराराला मुद्रांक आणि नोंदणी मिळून दीड हजाराच्या आतच सरकारी खर्च येतो.

शेवटी एक सांगणे. आडनाव ऐकून घर नाकारले जाण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. उद्या आपण घरमालक झालो, तर येणाऱ्याची नोकरी आणि कागदपत्रे जरूर तपासा. त्याची जात विचारू नका.

घर घेण्याआधी पती-पत्नी, मुले आणि सुना एकत्र बसा. वहीच्या एका पानावर येणे, दुसऱ्यावर देणे लिहा. दोन्ही पानांचा मेळ बसला, तरच बँकेची पायरी चढा.