मेहराब आणि महिरप

रमजानमध्ये रोज रात्री मशिदीत तरावीहची नमाज होते. पश्चिमेकडील भिंतीत एक कमानदार कोनाडा असतो, त्याच्यासमोर इमामसाहेब उभे राहतात. हा कोनाडा म्हणजे मेहराब. काबा कोणत्या दिशेला आहे, हे तो दाखवतो. आपण गौरी-गणपतीच्या मखराला महिरप लावतो, ताटाभोवती रांगोळीची महिरप काढतो. तो शब्द या मेहराबवरूनच मराठीत आला.

मेहराबही इस्लामबरोबर जन्मलेली नाही. पैगंबरांच्या काळी मदिनेची मशीद अगदी साधी होती. खजुराच्या खोडांचे खांब, वर झावळ्यांचे छप्पर. कोनाड्याची मेहराब तिथे आठव्या शतकाच्या सुरुवातीला आली. कमान तर त्याआधीच रोम आणि इराणच्या इमारतींत होती.

भारतातील देवळांचे बांधकाम प्रामुख्याने खांब आणि तुळईचे. दिल्लीच्या कुतुब परिसरातील मशीद बाराव्या शतकाच्या अखेरीस उभी राहू लागली. तिच्यासाठी 27 देवळांचे साहित्य वापरल्याचे तिथल्याच शिलालेखात नोंदले आहे. आम्ही मुसलमानांनीही ते नजर न चुकवता वाचले पाहिजे. त्याच मशिदीच्या कमानी स्थानिक कारागिरांनी आपल्या ओळखीच्या रीतीने घडवल्या, दगडाचा एकेक थर थोडा पुढे काढत. पाचरीसारखे दगड एकमेकांना टेकवून केलेली खरी कमान दिल्लीत दिसायला तेराव्या शतकाची अखेर उजाडली. 1311 च्या अलाई दरवाजापर्यंत ती चांगली रुळली होती.

मराठवाड्यातला दाखला तर आपल्या घरचाच. बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर दोन नावे कोरलेली आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. पुढे पेशवाईतील वाड्यांच्या दिवाणखान्यांतही सुरूच्या आकाराच्या लाकडी खांबांवर पाकळ्यांच्या महिरपी आल्या. त्या घरच्यांना कधी परक्या वाटल्या नाहीत. ‘दिवाणखाना’ आणि ‘कमान’ हे शब्दही फारसीतले, पण मराठी माणसाला ते परके वाटत नाहीत.

आज जुन्या इमारतींवरून गावोगावी वाद पेटतात. इतिहासात मोडतोड झाली, ती नाकारू नये. पण त्याच दगडांवर झालेली देवघेवही नाकारू नये. एकच बाजू सांगणारा अर्धाच इतिहास सांगतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

या महिन्यात एखाद्या संध्याकाळी शेजाऱ्याबरोबर इफ्तारला मशिदीत या. खजूर खा आणि मेहराबसमोर क्षणभर थांबा. घरची महिरप आठवल्याशिवाय राहणार नाही.